रस्त्याचाही सातबारा हवा

२ ऑगस्ट २०२७, सोमवती अमावास्या. सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान नाशिकमध्ये त्या दिवशी आहे. दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. प्रयागचा कुंभ माघाच्या थंडीत भरतो, हरिद्वार आणि उज्जैनचा चैत्र-वैशाखाच्या उन्हात. भर पावसाळ्यात भरणारा कुंभ चारही स्थानांत एकट्या नाशिक-त्र्यंबकचा. बारा वर्षांतला सगळ्यात मोठा भार या शहराच्या रस्त्यांवर पडतो, तो नेमका रस्त्याखालची माती भिजून सगळ्यात अशक्त झालेली असते त्या दिवसांत.

त्यासाठी कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झालं, पैसा मंजूर झाला, कामं निघाली. चौकाचौकात चर्चा चालते ती कोणता रस्ता किती रुंद होणार, किती कोटींचा होणार आणि डांबराचा की काँक्रीटचा, याची. मला या तिन्हींपेक्षा चौथा प्रश्न मोठा वाटतो आणि तो फारसा कोणी विचारत नाही. रस्ता झाल्यानंतर तो कोणाचा? उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पृष्ठभागाला काय होतं, त्यात कोण खणतं, खणलेलं कोण बुजवतं, बुजवलेलं कोण तपासतं, याची नावानिशी नोंद कुठे असते? या नोंदीवाचून नवे रस्ते करणं म्हणजे जुनेच खड्डे नव्या दराने विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘यंदा पाऊसच तसा झाला’ हे दरवर्षीचं उत्तर आधी बाजूला ठेवू. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नासएक किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो तीन हजारांच्या पुढे जातो. सातशे मिलिमीटर हा डांबरी रस्त्याला न झेपणारा पाऊस नव्हे. दगडाचीही सबब चालणार नाही. काळाराम मंदिर ज्या काळ्या पाषाणात उभं आहे, तोच बसाल्ट आपल्या खाणींत आहे आणि डांबर धरून ठेवायला तो ग्रॅनाइटपेक्षा सरस. सारूळच्या खाणी शहराला अगदी लागून आहेत. खडी धुळीने माखलेली नसली की झालं, कारण धूळ असेल तर डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं.

माती मात्र खरोखरच अवघड आहे. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, गंगापूर रोडचा पुढचा भाग, हे सगळे एकेकाळचे मळे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर रस्ता करायचा तर ती पुरेशी खोल काढून मुरूम भरावा लागतो किंवा चुना मिसळून तिचं फुगणं आवरावं लागतं. लेआउट पाडताना विकासक घाईने जो कच्चा रस्ता करून देतो, त्यावरच पुढे खडीकरण होतं, डांबरीकरण होतं, आणि खालची माती बहुतेकदा तशीच राहते. दोन वर्षांनी रस्ता लाटांसारखा वरखाली झाला की आपण डांबराला दोष देतो.

खड्डा कसा तयार होतो ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. उन्हाने डांबर वर्षागणिक कडक होतं, त्यातला चिवटपणा जातो आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं. ते खडी आणि डांबर यांच्या मधे शिरून दोन्ही सोडवतं, खालच्या थरातला मुरूम भिजवतं. वरून जड चाक गेलं की आत कोंडलेल्या पाण्यावर दाब येतो आणि ते बारीक माती सोबत घेऊन भेगेतून वर उसळतं. पावसाळ्यात चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर भेगेभोवती तपकिरी गाळाचा डाग दिसतो, तो याचाच. चाकामागून चाक जातं, आतली पोकळी वाढत जाते आणि मग एका रात्रीत वरचा डांबरी थर, म्हणजे कारपेट, खचतो. म्हणजे खड्डा आपल्याला दिसतो त्याच्या कित्येक आठवडे आधी तो आत तयार झालेला असतो. त्या ओल्या खड्ड्यात टेम्पोतून आणलेला माल ओतून फावड्याने थापटला, तर आतलं पाणी आतच राहतं. खड्डा चौकोनी कापायचा, सैल माल काढायचा, कोरडा करायचा, तळाला आणि कडांना टॅक कोट, म्हणजे नवा माल चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात, मारायचा, मग माल भरून दाबायचा, ही रीत इंडियन रोड्स काँग्रेसच्या देखभालीच्या संहितेत दिलेली आहे. ती वापरलेली मला आपल्या शहरात क्वचितच दिसते.

तेव्हा रस्त्याचं आयुष्य आधी पाण्यावर ठरतं. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार लागतो आणि उतरलेलं पाणी घ्यायला कडेला गटार लागतं. आपल्याकडे कडेचे पेव्हर ब्लॉक रस्त्यापेक्षा वर बसतात आणि पावसाळी गटाराचं झाकण डांबराखाली गडप होतं. जुना थर न काढता त्यावर नवा, त्यावर आणखी एक, असं करत रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पाणी दुकानात शिरतं. सराफ बाजार आणि दहीपुलाच्या व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे खाली सरस्वती नाला गाडलेला आहे, आणि जोराचा पाऊस झाला की तो आपली वाट मागतो. जुना थर मिलिंग मशीनने खरवडून काढता येतो, निघालेला माल नव्या मिश्रणात काही प्रमाणात पुन्हा वापरता येतो, पातळी जिथल्या तिथे राहते. हे तंत्र नवं नाही. अंदाजपत्रकात ते न धरणं हा निर्णय असतो आणि तो कोणीतरी घेतलेला असतो.

पाण्यानंतर येतो चर, आणि नाशिकच्या बाबतीत मी त्याला पहिल्या नंबरचा गुन्हेगार मानतो. गॅसवाहिनी, पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीजतारा, फायबर केबल. गेल्या काही वर्षांत सिडकोपासून इंदिरानगरपर्यंत, गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत एखादी गल्ली दाखवावी जिथे डांबराला पट्टा पडलेला नाही. ही सगळी कामं गरजेची आहेत. घरात नळाने गॅस यावा, केबल जमिनीखालून जावी, यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ते बुजवणं. निघालेली माती, दगडगोटे, डांबराचे तुकडे जेसीबीने परत आत लोटायचे, बकेटने वरून दोन दणके द्यायचे, वर खडी पसरायची आणि पुढे जायचं. मीटरभर खोल चर एकदम भरून वरून कितीही दाबला, तरी खालचा भाग पोकळच राहतो. पंधरा-वीस सेंटीमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचा, मग पुढचा थर, असं करावं लागतं. पहिल्या पावसात चर बसतो आणि रस्त्यावर लांबच लांब पन्हळ तयार होते. तिच्यात दुचाकीचं चाक अडकतं. रात्री, पावसात, पाण्याखाली ती दिसतही नाही. अंबडच्या कंपनीतून दुसरी पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाला ती कळते तेव्हा तो खाली पडलेला असतो.

खोदणारी कंपनी महापालिकेकडे रस्ता तोडफोड फी भरते. फी भरली की तिच्या दृष्टीने विषय संपतो. महापालिकेच्या दृष्टीने मात्र तो सुरूच झालेला नसतो, कारण त्या पैशातून दुरुस्ती करायला वेगळी निविदा, वेगळा ठेकेदार, वेगळी मुदत लागते. मधल्या काळात पावसाळा येऊन जातो. आणि ज्या ठेकेदाराने मूळ रस्ता केला होता, त्याचा करारातला दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडल्यास स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, अजून चालू असला, तरी त्याच्याकडे आयतं उत्तर तयार असतं: माझा रस्ता ठीक होता, तुम्ही तो फोडू दिलात. त्याचं म्हणणं खोटंही नसतं. खड्ड्याला तीन बाप असतील तर एकही पुढे येत नाही.

ठेकेदारांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के कमी दराने काम घेणारा माणूस ती कसर कुठेतरी काढणारच, आणि ती काढण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: डांबराचं प्रमाण, थराची जाडी, रोलरच्या फेऱ्या. तपासायला अवघड असं यात काही नाही. रस्त्यातून गोल नमुना कापून काढला की जाडी, घनता, डांबराचं प्रमाण, सगळं प्रयोगशाळेत दिसतं. आणखी एक बाब आपल्या हवेची. हॉटमिक्स प्लँटमधून माल दीडशे अंशांच्या आसपास निघतो आणि तो पुरेसा गरम आहे तोवरच रोलरखाली नीट दबतो. पौष महिन्यात निफाडचं तापमान पाच अंशांच्या खाली उतरतं, नाशिकचंही फार मागे नसतं. वाहतूक नको म्हणून अशा रात्री पातळ कारपेट अंथरलं जातं आणि ते पाहता पाहता गार होतं. दिसायला रस्ता काळाभोर, सपाट. आत हवेच्या पोकळ्या, ज्यांतून पुढच्या जूनमध्ये पाणी जाणार. सिंहस्थाच्या मुदतीची घाई म्हणून अशी कामं होणार असतील, तर प्रत्येक गाडीतल्या मालाचं तापमान जागेवर मोजून लिहिलं गेलं पाहिजे.

पेठ रोडची गोष्ट या सगळ्याहून थोडी वेगळी. त्या रस्त्याची धूळ तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ली, आंदोलनं केली. हा गुजरातकडे जाणारा मार्ग, त्यावर मालट्रकांची रांग. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक प्रचंड चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात: रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळा पट. आपल्याकडे २०१८ मध्ये चार चाकांच्या एका आसावरची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची, पण याच हिशेबाने पूर्ण भरलेल्या आसामागे नुकसान साठ टक्क्यांनी वाढतं. हा बेकायदा जादा भार धरण्याआधीचा हिशेब. ज्या रस्त्यावर ट्रक जातात, त्याला कॉलनीतल्या रस्त्यासारखा सीलकोट, म्हणजे वरवरचा पातळ डांबरी थर, मारून पैसा वाया घालवू नये. तिथे पायाच जाड लागतो, आणि तो किती जाड लागेल हे प्रत्यक्ष वाहनं मोजूनच ठरतं.

मग सगळं काँक्रीटचं करा, असं अनेक जण म्हणतात. काँक्रीट चांगलं झालं तर पंचवीस-तीस वर्षं टिकतं, मान्य. पण ते फोडलं तर पूर्ववत होत नाही. खाली वाहिन्यांसाठी डक्ट, म्हणजे मोकळे बोगदे, न टाकता केलेला काँक्रीट रस्ता म्हणजे पहिल्या गळतीपर्यंतचा रस्ता. नाशिकमध्ये स्मार्ट सिटीखाली त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा रस्ता नमुना म्हणून घेतला होता. कल्पना बरोबर होती: केबल, गटार, पदपथ सगळं एकदाच खाली-वर नीट बसवायचं, पुन्हा खोदायचं नाही. पण काम लांबलं, मुदती वाढत गेल्या, जिल्हा न्यायालय, सीबीएस बसस्थानक, जिल्हाधिकारी कार्यालय याच पट्ट्यात असल्याने अख्ख्या शहराचे हाल झाले. लोकांच्या मनात राहिला तो त्रास. त्यातून आपण चुकीचा धडा घेतला याचं मला फार वाईट वाटतं. असा रस्ता पुन्हा नको, असं शहर म्हणू लागलं. खरं म्हणजे असेच रस्ते हवेत, फक्त वेळेत आणि टप्प्याटप्प्याने.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक गप्पांत निघतं. १९७६ चा रस्ता, दशकानुदशकं खड्डा नाही. लोक त्यात एका सचोटीच्या कंपनीची कहाणी पाहतात. मला त्यातला महत्त्वाचा भाग त्या कंपनीने दिलेल्या दहा वर्षांच्या लेखी हमीचा वाटतो. करारात जे लिहिलेलं असतं तेच मागता येतं, आणि मागण्यासाठी कागद हाताशी असावा लागतो.

म्हणून माझी मागणी एकच आहे: प्रत्येक रस्त्याला सातबारा द्या. जिल्ह्यातल्या कुठल्याही गुंठाभर जमिनीचा मालक कोण, तिच्यावर बोजा कोणाचा, फेरफार कधी आणि कोणत्या क्रमांकाने झाला, हे आज मोबाइलवर दिसतं. त्याच जमिनीसमोरून जाणाऱ्या, लोकांच्या पैशातून झालेल्या रस्त्याबद्दल मात्र काहीच दिसत नाही. रस्त्याचा उतारा असा असावा: रस्ता कोणाच्या ताब्यात, महापालिकेच्या, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, एमआयडीसीच्या की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या. शेवटचा थर कधी पडला, कोणी टाकला, कोणत्या अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत सही केली, खाली कोणते थर किती जाडीचे आहेत. दोषदायित्व कोणत्या तारखेला संपतं. आणि त्यानंतरचा प्रत्येक चर हा फेरफार: परवानगी कोणाला, किती लांबीची, फी किती, बुजवला कधी, थर दाबल्याची चाचणी कोणी केली. चर बुजवण्याची जबाबदारी खोदणाऱ्याचीच ठेवावी, आणि त्याची अनामत एक पूर्ण पावसाळा पाहूनच परत करावी. चर बसला, तर अनामत जप्त.

अभियंत्यांवर कामाचा बोजा वाढेल, असा आक्षेप येईल. यातली जवळजवळ प्रत्येक नोंद आजही कुठल्या ना कुठल्या फाइलमध्ये होत असते. ती विखुरलेली आणि बंद आहे एवढंच. ती एकत्र आली तर खालच्या अभियंत्याचाच बचाव होतो, कारण आज दुसऱ्याने फोडलेल्या रस्त्याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. दुसरा आक्षेप असा की नगरसेवक हे काम पाहतीलच की. नाशिक महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळपास चार वर्षं प्रभागात विचारायलाच कोणी नव्हतं, आणि त्या काळात खोदाई मात्र थांबली नाही. नव्या नगरसेवकांनी आपल्या प्रभागात निधी कुठे टाकायचा हे ठरवण्याआधी कोणता रस्ता अजून हमीत आहे, हे तपासावं. हमीतला रस्ता पुन्हा लोकांच्या पैशातून झाकणं ही उघड उधळपट्टी आहे.

न्यायालयाने तर आता हा प्रश्न टाळण्याची सोयच ठेवलेली नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं गेली, हा आकडा सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा न्यायालयाने त्यावर तीव्र चिंता व्यक्त केली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये, आणि ही रक्कम पुढे जबाबदार अधिकाऱ्याकडून आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. आदेश न्याय्य आहे. पण वसुली कोणाकडून? पन्हळीत पडून माणूस गेला, तर जबाबदार कोण: मूळ ठेकेदार, खोदणारी कंपनी, की फी घेऊन दुरुस्ती न केलेला विभाग? नोंद नसेल तर भरपाई महापालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्याच घरपट्टीतून जाईल आणि दोषी तसाच राहील. मेलेल्या माणसाच्या बायकोने चार कार्यालयांचे उंबरे झिजवायचे आणि प्रत्येकाने शेजारच्याकडे बोट दाखवायचं, हे मला असह्य वाटतं.

नवा कायदा यासाठी लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अशी माहिती कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करणं सार्वजनिक संस्थांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. हा हक्क रस्त्यांसाठी फारच कमी वापरला जातो. अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या कॉलनीसमोरच्या रस्त्याचं नाव आणि कुठून कुठपर्यंत ते लिहून त्यात चार गोष्टी मागाव्यात: कार्यादेशाची प्रत, दोषदायित्व संपण्याची तारीख, त्या लांबीत गेल्या पाच वर्षांत दिलेल्या खोदाई परवानग्यांची यादी तोडफोड फीसह, आणि रस्त्यातून कापलेल्या नमुन्यांचे चाचणी अहवाल. अर्ज गृहनिर्माण संस्थेच्या एखाद्या सदस्याच्या नावाने करावा, कारण हा कायदा हक्क नागरिकाला देतो आणि संस्थेच्या नावाने आलेला अर्ज त्याच कारणावरून परत येऊ शकतो. सिंहस्थाच्या कामांबद्दल विचारायचं असेल, तर बिल निघून गेल्यावर थांबू नये. डांबर पडत असतानाच पाहणीची वेळ मागावी, आणि जाताना रस्त्यांचं काम कळणारं कोणी, निवृत्त अभियंता असला तर उत्तम, सोबत न्यावं.